कीपच्या चार वह्या

१

चैतराम मास्तरांच्या घरी चोरी झाली तेव्हा गल्लीला आधी हसूच आलं. तांब्याची घागर जागेवर, पितळी डबा जागेवर, खुंटीवरचा लोकरी कोटसुद्धा जागेवर. आणि चोरानं नेलं काय, तर चार जुन्या वह्या! त्याही इंग्रजीच्या. "चोर मॅट्रिकले बसला असन जी," असं कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला आणि बालाघाटच्या त्या भागात दुपारपर्यंत तेवढाच विनोद पुरला.

मास्तर मात्र कोटाची बटणं वरखाली लावून भोजराज मेंढ्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

"भोजराजभाऊ," ते म्हणाले, "शेवंता पुन्हा गेली जी."

भोजराजांच्या हातातला चहा बशीत सांडला. शेवंताबाई म्हणजे मास्तरांची बायको. तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि या दोन वर्षांत मास्तरांनी तिचं नाव असं उघड्यावर कधी घेतलं नव्हतं.

ही पासष्ट सालच्या जानेवारीतली गोष्ट. भोजराज कोर्टात नकलनवीस होते, म्हणजे कागदाची बरहुकूम नक्कल उतरवून देणारे. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं लिहिली. आधी वरच्या कोर्टाचे कागद नागपूरला जात; छप्पन साली भाषावार राज्यं झाल्यावर ते जबलपूरला जाऊ लागले आणि मराठी अर्ज हळूहळू आटत गेले. भोजराजांचं वळणदार मराठी अक्षर तेव्हापासून बिनकामाचं झालं होतं, आणि त्याची त्यांना मनातून फार हळहळ वाटे. पण नकलेलाही अक्कल लागते म्हणतात ते खोटं नाही. शाई कुठे बदलली, कोणता कागद मागाहून घुसवला, हे त्यांना बसल्या जागी दिसे. म्हणून काही हरवलं की लोक ठाण्याआधी त्यांच्याकडे येत.

या वह्या मात्र त्यांना ठाऊक होत्या. मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवत तेव्हा पुनाराम नावाच्या विद्यार्थ्यानं एकदा विचारलं होतं, "सर, कीप म्हणजे ठेवणे. मग इंग्रज गाय 'कीप' करतो म्हणजे ती ठेवतो कुठे?" वर्ग हसला. मास्तरांना उत्तर सुचलं नाही. घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं. शेवंताबाई चुलीपुढून म्हणाली, "गाय का मडकं हाय ठेवाले? गाय पोसतेत जी." मास्तरांनी ते वाक्य लिहून घेतलं, आणि त्या दिवसापासून त्यांना छंदच लागला. कीप हे क्रियापद म्हणजे एकत्र कुटुंबातली धाकटी सून, घरातली सगळी कामं तिच्याच अंगावर! इंग्रज शब्द कीप करतो, गुपित कीप करतो, माणसाला तिष्ठत कीप करतो, आणि दूध नासलं तरी म्हणतो की ते कीप झालं नाही. मास्तर डाव्या पानावर इंग्रजी वाक्य लिहीत, त्याचा भाव बायकोला समजावत, आणि ती जे बोलेल ते उजव्या पानावर जसंच्या तसं उतरवत.

दुधासाठी ती म्हणाली होती, "उनाळ्याचं दूध आन भावजयीचा पाहुनचार, दुसऱ्या दिसी आंबते." तिष्ठत ठेवण्यासाठी म्हणाली, "भात निवून राह्यला आन तुमी अजून चष्माच शोधून राह्यले." अशी दोनशेच्या वर वाक्यं होती. शेवंताबाईचा एकही फोटो नव्हता. आवाज कुठे उतरवून ठेवण्याची सोय तर नव्हतीच. ती बोलायची कशी, हे जगात फक्त त्या वह्यांत उरलं होतं.

"मी दर रविवारी काढतो," मास्तर म्हणाले. "एकच पान वाचतो. लवकर सरू नये म्हनून."

भोजराज उठले आणि मास्तरांबरोबर त्यांच्या घरी गेले. माजघरातल्या कोनाड्यात वह्या असत. कुलूप नव्हतं, फडताळ नव्हतं. आता तिथे एकच वही होती, खाकी कागदाचं कव्हर घातलेली, नीट चौरस ठेवलेली.

"पाचच होत्या न? ही कोनती?"

"पाचवी. शेवंता बिमार पडली तवा सुरू केली. चारींले तिनं आपल्या जुन्या लुगड्याचं कव्हर घातलं होतं, पेजेनं चिकटवून, वरून टाके मारून. हिले करनं झालं नाही."

"ही चारींच्या खाली होती का वर?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. "वर. सगळ्यात वर."

भोजराज त्या वहीकडे पाहत राहिले. म्हणजे चोरानं आधी ती उचलून बाजूला ठेवली, खालच्या चार घेतल्या, आणि मग ती पुन्हा जागेवर लावून ठेवली.

"मास्तर, चोर घाईत नव्हता," ते म्हणाले. "त्याले हीच वही नको होती."

२

गावात इंग्रजीच्या वह्यांवर डोळा असलेला माणूस एकच होता, बाबूलाल. बस अड्ड्याजवळ त्याचं पुस्तकांचं दुकान आणि मागे लहानसा छापखाना. परीक्षेला पोरं ज्या किल्ल्या, गाइडं घेऊन बसतात ती तोच छापी. मास्तरांच्या मागे तो दोन वर्षं लागला होता, की वह्या मला द्या, मराठी बाजू काढून हिंदी टाकू, पुस्तक हातोहात जाईल.

"मास्टरजी ने मना कर दिया," बाबूलाल हसत म्हणाला. "बोले, दाहिना पन्ना नहीं बदलेगा. अरे भाई, इधर अब मराठी पढ़ता कौन है? मराठी की क्लासें एक-एक करके बंद हो रही हैं. मेरे खुद के बच्चे घर में हिंदी बोलते हैं."

भोजराजांना ते लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. त्यांच्या स्वतःच्या नातवाचंही तेच होतं.

"तर मग वह्या तुला हव्याच होत्या," ते म्हणाले.

बाबूलालनं उत्तर न देता मागून कच्च्या छपाईचे कागद आणून समोर टाकले. वर मोठ्या अक्षरात 'कीप के सौ प्रयोग' असं होतं. "पिछली दीवाली पे मास्टरजी ने खुद सामने बैठ के अंग्रेजी वाला हिस्सा लिखवाया. देखो, उन्हीं का सुधार है, लाल स्याही में. जो चीज मेरे पास है, वो मैं चुराऊँगा क्यों?"

लाल शाई मास्तरांचीच होती. भोजराजांनी पानं उलटली. इंग्रजी वाक्यं सगळी होती, आणि त्यांच्याखाली हिंदी, साफसुथरी, बिनचेहऱ्याची. दुधाच्या वाक्याखाली 'दूध ठीक नहीं रहेगा' एवढंच होतं. भावजय नाही, पाहुणचार नाही. भोजराजांना एकाएकी वाटलं की शेवंताबाईच्या हातचा चहा प्यायला आपण पुन्हा मास्तरांच्या ओट्यावर बसावं, आणि आतून तिनं मास्तरांना टोमणा मारावा.

ते उठले तसा बाबूलाल म्हणाला, "एक बात बताऊँ? बुधवार को उनका दामाद यहीं था. अड्डे पे, दोपहर में. गोंदिया वाली मोटर में चढ़ा. बगल में कपड़े की गठरी थी, किताबों जैसी चौकोर."

भोजराज जागच्या जागी थांबले. मास्तरांचा जावई म्हणजे तोच पुनाराम, गायीचा प्रश्न विचारणारा. पाच वर्षांपूर्वी मास्तरांच्या एकुलत्या एक मुलीनं, सीतेनं, त्याच्याशी लग्न केलं होतं. पुनाराम हुशार, सरळ, मास्तरांचा लाडका. पण तो बौद्ध घरातला आणि मास्तर कुणबी. त्या दिवसापासून सीतेचं नाव त्या घरात कुणी काढायचं नाही, असा मास्तरांचा हुकूम होता. आणि पुनाराम, जो गोंदियाच्या वाटेवर राजेगावात शाळा चालवत होता, त्यानं पाच वर्षांत या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं.

"अकेला था?" भोजराजांनी विचारलं.

"नहीं. साथ में कोई बाई थी. सर पे पल्लू था, चेहरा नहीं दिखा."

३

पुनारामचं नाव ऐकताच मास्तर लालबुंद झाले. "पोरगी नेली, आता वह्या नेल्या!" ते ओरडले. "मीच शिकवला त्याले. कीपचे पयले वीस अर्थ त्याले तोंडपाठ होते. आता गाइड काढन आपल्या नावानं!"

"काढील तर पाचवी का नाही नेली?" भोजराज शांतपणे म्हणाले. "यादी तर हिच्याच पाठीमागे आहे. सगळ्या अर्थांची, नंबर घालून."

मास्तरांना हे सुचलं नव्हतं. ते पाटावर बसले. "मैना, दोन लाडू आन वो," त्यांनी आत हाक मारली. "डिंकाचे."

"सरले," आतून उत्तर आलं.

"आठ दिवसात सरले? डबा भरून केलते न तुवा? मले त दोनच भेटले!"

आतून सुपाचा आवाज तेवढा येत राहिला. भोजराज उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. मैनाबाई ही शेवंताबाईची धाकटी बहीण, विधवा, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. बहीण गेल्यापासून दोन वेळचं रांधून द्यायला ती येई. तोंडानं फटकळ, पण हात मायेचा. ती तांदूळ पाखडत होती आणि वर बघत नव्हती.

"मैनाबाई, वह्या पाहिल्या होत्या का?"

"पायल्या न. रोज झाडतो मी तो कोनाडा." तिकडच्या बायकाही बोलताना येतो-जातोच म्हणतात. "मंग?"

"मग त्या गेल्या कुठे?"

"मले का समजते जी? मले त अक्षर सुलटं हाय का उलटं तेबी नाही समजत. चोरी करनाऱ्याले इचारा."

कोपऱ्यात एक पिशवी होती. वरच खारका दिसत होत्या, आणि कागदाच्या पुडीत अळीव. भोजराजांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मास्तरांचे दात हलत होते. खारीक त्यांच्या कामाची नव्हती.

"शेवंताबाईंचं काही राहिलं आहे का घरात?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

सूप थांबलं.

"काय राहीन?" मैनाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला. "तेराव्या दिसी भाऊजीनं पेटी उपडी केली. लुगडे, चोळ्या, पांघरून, समदं वाटून टाकलं. जे उरलं ते वैनगंगेत सोडलं. मी पाया पडली, म्हनलं, एक त ठेवा जी. म्हने, डोयापुढं नको. मायबाई! एक चिंधी नाही ठेवली माह्या बहिनीची. लागते जी कधी चिंधी बी."

"कशाला लागते?"

मैनाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण ओठ घट्ट मिटले होते. तिनं सूप उचललं आणि परसात निघून गेली.

भोजराज माजघरात परत आले. मास्तर पाचवी वही मांडीवर घेऊन बसले होते. पहिली वीसेक पानं दोन्ही बाजूंनी भरलेली. शेवंताबाई खाटेवरून बोलली होती ती. पुढची उजवी पानं कोरी. मास्तर हळू वाचत होते, "'तोंडात मूग धरून काहून बसले? मी का मेली अजून?' हे पाहा भाऊ, कीप क्वायटसाठी. ताप होता अंगात, तरी असं बोलली."

भोजराजांनी त्यांच्या हातातून वही घेतली. आत न पाहता ती नुसती मिटली, वरून पाहिली, खालून पाहिली, खाकी कागदावरून बोट फिरवलं.

"मास्तर," ते म्हणाले, "उद्या पहिल्या मोटारीनं राजेगावले जाऊ."

"त्याच्या घरी? मी त्या उंबऱ्यावर पाय नाही ठेवनार!"

"नका ठेवू. बाहेर उभे राहा. पण वह्या पाहिजेत तर चला."

४

मोटार गावाबाहेर पडली तेव्हा मास्तर कोटाची बटणं लावून खिडकीशी बसले होते. धानाची कापणी होऊन गेलेली, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडलेल्या. खिडकीची काच पुढे सरकत नव्हती आणि गार वारा थेट कानात शिरत होता.

"पुनारामनं नाही नेल्या," भोजराज म्हणाले.

"मंग कायले चाललो आपन?"

"ऐकून तर घ्या. मी तीस वर्षं कागद लावून पाहिले. दोन नकलांत फरक कुठे आहे, एवढंच माझं काम. इथे फरक काय? चार नेल्या, एक ठेवली. आपण सगळे म्हणालो, चोराला इंग्रजी हवं होतं. मग यादीची वही तो सोडत नाही. बरं, बाबूलालकडे इंग्रजी आधीच आहे, त्याला चोरायची गरज नाही. मग मी म्हणालो, चोराला मराठी हवं असेल, शेवंताबाईंची बोली. तुमच्यासारखंच कुणालातरी तिचं बोलणं हवं असेल."

मास्तरांनी मान वळवली.

"पण पाचवीतही तिची वीस पानं आहेत," भोजराज म्हणाले. "शेवटची. बोलीसाठी नेणारा ती आधी नेईल. म्हणजे इंग्रजीही नको, मराठीही नको. चोराला वाचायचंच नव्हतं. आता सांगा, चारींत आहे आणि पाचवीत नाही, असं काय?"

मास्तर विचारात पडले. मग त्यांचे ओठ हलले. "लुगडं."

"लुगडं. तिच्या अंगावरचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. घरात तिची दुसरी चिंधी नव्हती, तुम्ही ठेवलीच नाही. आणि चोराला अक्षर येत नव्हतं, कव्हर तेवढं ओळखू येत होतं."

"मैना?" मास्तर पुटपुटले. "मैनाले जुनं फडकं कायले लागते?"

"तेच मलाही उमजेना. मग मी पिशवी पाहिली. खारीक, अळीव. डिंकाचे लाडू डबा भरून केले आणि तुम्हाला दोन मिळाले. बुधवारी गोंदियाच्या मोटारीत पुनारामबरोबर पदर ओढून एक बाई चढली. मास्तर, डिंक-अळीव आपल्यात कुणाला खाऊ घालतात? आणि म्हाताऱ्या बाईचं मऊ लुगडं आपल्यात कुठे वापरतात?"

हे त्या मुलखात पोरासोरांनाही ठाऊक असतं. तान्ह्या लेकराची पहिली गोधडी आजीच्या लुगड्याची शिवतात. नवं कापड अंगाला टोचतं म्हणतात, आणि आजीचा हात लागलेलं असलं की लेकरू दचकत नाही म्हणतात. आजी जिवंत असो की नसो, एक तुकडा तरी तिचा लागतोच.

मास्तरांनी समोरच्या बाकाचा दांडा धरला.

"मैनाबाईनं तुम्हाला मागितलं असतं," भोजराज म्हणाले, "पण मागायचं तर सीतेचं नाव घ्यावं लागलं असतं. त्या नावाला तुमच्या घरात बंदी. म्हणून तिनं चोरी केली. मास्तर, लाडू तुमच्या पोरीनं खाल्ले. तुम्ही आजे झाले जी."

मोटारीच्या घंटीची दोरी कंडक्टरनं ओढली. राजेगाव आलं होतं.

५

पुनाराम शाळेत गेला होता. घर दोन खोल्यांचं, कौलारू, पुढे सारवलेलं अंगण. ओसरीवर उन्हात बाज टाकली होती आणि बाजेवर एक इवलंसं लेकरू झोपलं होतं.

मास्तरांना लेकरू आधी दिसलंच नाही. त्यांना दिसली गोधडी. लाल, पिवळ्या, निळ्या तुकड्यांच्या मधोमध वह्यांवरच्या हिरव्या चौकटीचे चार तुकडे जोडले होते. ते अंगणाच्या कडेला उभे राहिले आणि तिथून त्यांचा पाय पुढे उचलेना.

सीता दारात आली. पाच वर्षांत ती आईसारखी दिसू लागली होती. तोच रुंद कपाळाचा चेहरा, तीच मान जराशी कलती. भोजराजांना क्षणभर भास झाला, आणि मास्तरांना काय झालं असेल ते त्यांना कळलं.

"पोरगी हाय," सीता म्हणाली. "दीड महिन्याची." तिनं वडिलांना बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"वह्या," मास्तर म्हणाले. एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

सीता आत गेली आणि चार वह्या घेऊन आली. कव्हरं उसवलेली, पुठ्ठे उघडे, पण पानं सगळी जागेवर होती.

"मावशीनं लुगड्यासाठी आनल्या. म्हने, दोपारी उसवतो आन सांजच्याले परत नेतो, भाऊजीले मालूम बी नाही पडन. मी सहज एक पान उघडलं. मंग माह्याच्यानं देववल्याच नाही." तिनं वह्या छातीशी धरल्या. "मी ह्या वाचून राह्यली. रोज. पोरीले ऐकवून राह्यली. तुमाले अठ्ठावीस वर्सं ऐकाले भेटली ती, बाबूजी. मले पाच वर्सं एक सबूद नाही."

"त्या माह्या हायेत," मास्तर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"तुमच्याच हायेत. न्या." सीतेनं वह्या पुढे केल्या आणि मग पुन्हा मागे घेतल्या. "पन एक गोठ सांगा, मंग न्या. माय बिमार होती तवा मले काहून नाही बलावलं? इथून तिथं मोटारीनं एक घंटा लागते. मी पायी आली असती. चवथ्या दिसी मौतीचं कारड आलं, कोपरा फाटलेलं. मायची माती बी नाही भेटली मले." ती भोजराजांकडे वळली. "कारडावर अक्षर तुमचं होतं, काका."

भोजराजांनी मान खाली घातली. होतं. मास्तरांनी मजकूर सांगितला आणि त्यांनी लिहिला, नेहमीच्या वळणदार अक्षरात, एक काना इकडचा तिकडे न करता. पोस्टकार्ड का, माणूस का नाही धाडत, हे त्यांनी विचारलं नाही. कोर्टात कागद समोर आला की उतरवायचा, तसंच. आयुष्यभराची ती सवय त्यांना त्या अंगणात पहिल्यांदा शरमेची वाटली.

"हौ बाई," ते म्हणाले. "मीच लिहिलं."

आता मास्तरांची पाळी होती. भोजराजांना त्यांचा चेहरा वाचता येत होता. एकाएकी झालं, वेळच मिळाला नाही, असं एक वाक्य मास्तरांच्या ओठांवर तयार होतं. ते म्हटलं असतं तर सीतेनं मानलंही असतं, वह्या दिल्या असत्या, आणि पुढची मोटार धरून दोघं परत गेले असते.

मास्तरांनी ते वाक्य गिळलं.

"तिनं तुले बलावलं होतं," ते म्हणाले. "तीन दिवस बलावलं. मी म्हनलं, निरोप धाडला. धाडला नोहता." ते थांबले. कोटाचं एक बटण काढलं, पुन्हा लावलं. "रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की इचारे, पोरगी उतरली का जी? मी म्हनो, पुढच्या मोटारीनं येईन. अशा किती मोटारी गेल्या. शेवटच्या दिसी बी हेच इचारलं. दुसरं काई बोललीच नाही. वहीत मी त्या तीन दिवसाचं एक अक्षर नाही लिहिलं, सीता. लिहाचं कसं? लोकाइले वाटते मी तिची याद म्हनून वह्या वाचतो. मी तेवढं इसरासाठी वाचतो."

सीतेचा चेहरा दगडासारखा झाला होता. भोजराजांना वाटलं, आता ही हाकलून देईल. आणि दिलं तर तिचं काही चुकणार नाही. चोर शोधून दिल्याचा जो थोडा डौल मोटारीत चढला होता, तो केव्हाच उतरला होता. त्यांना आता एकच वाटत होतं, की दोन वर्षांपूर्वीची एखादी मोटार परत मिळावी.

सीतेनं वह्या बाजेवर, लेकराच्या पायाशी ठेवल्या. ती आत गेली. भांड्याचा आवाज आला. मास्तर वह्यांकडे पाहत उभे होते. चार पावलांवर होत्या. त्यांनी हात पुढे केला नाही.

सीता बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. पाहुणा आला की त्या मुलखात आधी पायांवर पाणी देतात. तिनं तो ओसरीच्या पायरीवर ठेवला.

"पाय धुवा, बाबूजी," ती म्हणाली. "मी भात टाकतो. जेवूनच जा." आणि आत वळता वळता थांबली. "तुमी बी, काका."

मास्तर कितीतरी वेळ त्या तांब्याकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी चपला काढल्या.